टनामागे किती युनिट?

बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फाउंड्रीमालकाला वाळूचा भाव विचारा, तो सांगेल. मोल्डरची मजुरी सांगेल, कुठल्या गिऱ्हाइकाने किती महिन्यांचं बिल थकवलंय तेही सांगेल. ओळख जुनी असेल तर रक्तातली साखर उपाशीपोटी किती आणि जेवल्यावर किती, इथपर्यंत गाडी जाईल. फक्त एक आकडा विचारू नये: टनभर बीड वितळवायला तुमच्या भट्टीला किती युनिट लागतात? "तसं काही फिक्स नसतंय," असं उत्तर येतं आणि चहा मागवला जातो.

वीज महाग झाल्याची तक्रार मात्र चारचौघांत होते, आणि या सीमाभागात त्या तक्रारीला दोन राज्यांचा इतिहास आहे. २०१३ च्या सुमाराला कोल्हापूरच्या कारखानदारांनी महाराष्ट्राच्या वीजदराला कंटाळून कर्नाटकात जाण्याची भाषा सुरू केली होती. निपाणीजवळच्या तवंदी-कणगला भागातल्या जागांची चर्चा तेव्हा बरीच रंगली. दहा वर्षांनी वारं फिरलं. १२ मे २०२३ रोजी कर्नाटक वीज नियामक आयोगाने युनिटमागे सरासरी ७० पैशांची वाढ जाहीर केली, जूनमध्ये फुगलेली बिलं हातात पडली आणि बेळगावचे उद्योजक रस्त्यावर उतरले. २२ जूनला बंदची हाकही दिली गेली. तेव्हा महामार्गावर चाळीसेक किलोमीटर उत्तरेला कोल्हापूर आणि पाऊणशे किलोमीटर दक्षिणेला बेळगाव अशा मधल्या निपाणीत बसून कुणाची वीज स्वस्त हे विचारण्यात अर्थ नाही. उत्तर दर काही वर्षांनी बदलतं. शिवाय दर ठरतो मुंबईत नाहीतर बंगळुरात. युनिट जळतात ते बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छ्यात, कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावात. जे आपल्या हातात नाही त्यावर मोर्चा निघतो आणि जे आपल्या शेडमध्ये आहे त्यावर कुणी बोलत नाही.

या न बोलण्याच्या बाजूनेही बरंच म्हणण्यासारखं आहे, म्हणून हा वाद एका मामा-भाचीच्या तोंडी घालूया. दोघंही काल्पनिक आहेत; त्यांचे मुद्दे मात्र या पट्ट्यातल्या कुठल्याही शेडमध्ये ऐकू येतील. मामांची उद्यमबागेत फाउंड्री: एक पॅनल, पाचशे किलोच्या दोन क्रुसिबल, ट्रॅक्टरचे आणि पंपांचे भाग. भाची निपाणीची. इंजिनिअर होऊन ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करते आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांत हिंडते. मामा बहिणीकडे आले होते. जेवणं झाली होती.

"मामा, मागच्या महिन्यात टनाला किती युनिट पडले?" तिने विचारलंच.

"तुला कशाला पायजेत?"

"परवा कोल्हापूरकडे शिरोलीत एका ठिकाणी होते, तिथे..."

"थांब. त्यांचा आकडा मला सांगू नकोस आणि माझा त्यांना सांगू नकोस. एवढं पथ्य पाळलंस तर बोलू."

ती हसली. आकडा राहू दे, हिशोब तरी करू, म्हणाली. बीड थंड अवस्थेतून ओतण्याच्या तापमानापर्यंत न्यायला पदार्थविज्ञानाच्या नियमाने टनामागे चारशे युनिटही लागत नाहीत. प्रत्यक्षात इंडक्शन भट्ट्या साडेपाचशे ते सातशे युनिट खातात. वरचे जे जातात त्यातले काही पॅनलमध्ये, कॉइलमध्ये आणि गार करण्याच्या पाण्यात जातात. तो भाग भट्टी विकत घेतली त्याच दिवशी बहुतेक ठरून गेलेला असतो. उरलेले युनिट मात्र रोज नव्याने घालवावे लागतात.

"तुमच्या भट्टीचं तोंड दीड फुटाचं. १४५० अंशांवर रस तयार आहे आणि झाकण बाजूला आहे. त्या तोंडातून नुसत्या प्रारणाने वीस किलोवॅटच्या वर उडून जातात. मोल्ड तयार नाहीत म्हणून रस पाऊण तास धरून ठेवला, तर पंधरा युनिट गेले. एका हीटला तुम्हाला तीनशेच्या आसपास लागतात. त्यातले पंधरा आभाळाला."

"झाकण हाय की. मेल्टर लावत न्हाई."

"का लावत नाही, विचारलंत कधी?"

मामांनी विचारलं नव्हतं. पण त्यांना माहीत होतं, कारण तरुणपणी ते स्वतः भट्टीवर उभे राहिले होते. झाकण जड असतं, चार्ज टाकताना मध्ये येतं, त्याचं हायड्रॉलिक बिघडलं की महिना महिना कुणी बघत नाही. आणि रस डोळ्यांसमोर नसला की मेल्टरला चैन पडत नाही. कागदावर 'झाकण वापरा' एवढंच लिहिलेलं असतं. ते लागावं म्हणून बिजागरी कुठल्या बाजूला हवी, हे ज्याने भाजून घेतलंय त्यालाच ठाऊक.

स्क्रॅपचंही तसंच. रनर-रायझर, म्हणजे साच्यातल्या रसाच्या वाटांमध्ये गोठलेलं लोखंड, परत भट्टीत जातात तेव्हा त्यांना वाळू चिकटलेली असते. ती वाळूही वितळते, तिलाही वीज लागते, आणि मग ती स्लॅग म्हणून खरवडून फेकायची, त्या वेळात झाकण पुन्हा उघडं. गंजलेल्या मालाची तीच कथा. आणखी एक खर्च तर कुणाच्या डोळ्यांतच येत नाही. रस ओतायचं भांडं, म्हणजे लॅडल, थंड आहे, मोल्डिंगची लाइन लांब आहे, ओतेपर्यंत रस निवेल या भीतीने मेल्टर पन्नास अंश जादा तापवतो. टनामागे पंधरा-वीस युनिट तिथे गेले. लॅडल आधी नीट शेकली, वर आवरण घातलं, तर ते पन्नास अंश लागत नाहीत. भट्टीवर कितीही नजर ठेवली तरी हा दोष तिथे सापडायचा नाही, कारण तो लॅडलमध्ये आहे.

"हे सगळं मला ठाऊक हाय," मामा म्हणाले. "खरं तुझ्या आकड्यातच खोट हाय."

इथून त्यांनी बाजू उलटवली, आणि ती ऐकण्यासारखी होती.

"टनामागे सहाशे म्हणतेस, ते रसाचे. मी रस विकत न्हाई, कास्टिंग विकतो. हजार किलो रस ओतला. त्यातला चारशे किलो रनर-रायझरमध्ये गेला, हातात सहाशे. त्यातलं सहा टक्के रिजेक्शन. राहिले पाचशे चौसष्ट. आता सांग, चांगल्या मालाच्या टनाला किती युनिट पडले?"

तिने मोबाइलवर भागाकार केला. एक हजार चौसष्ट.

"झाकण लावून, लॅडल शेकून, सगळे उपास-तापास करून तू माझे रसाचे तीस युनिट वाचवशील. मी यील्ड साठाची पासष्ट केली, रिजेक्शन तेवढंच ठेवलं, तर चांगल्या टनाला ऐंशीच्या वर वाचतात, भट्टीला हात न लावता. पॅटर्नमधला रायझर बारीक केला की झालं. आणि शेजाऱ्याचं काय? तो पन्नास किलोचे काउंटरवेट ओततो. ना कोअर, ना पातळ भिंत. त्याचे युनिट कमीच पडणार. मी पाच मिलिमीटर भिंतीचं हाउसिंग ओततो, मला रस जास्त तापवावाच लागतो. आमचे दोघांचे आकडे शेजारी मांडलेस तर मी गाढव ठरतो आणि तो हुशार. असल्या ज्ञानाची देवाणघेवाण कशाला करायची?"

मामांचा हा आक्षेप वरवरचा नाही. आकडे मांडणाऱ्यांनी तो पुष्कळदा दुर्लक्षिला आहे. ऊर्जेची तुलना ज्या एका संख्येवर केली जाते, तिच्यात मालाची जात, भिंतीची जाडी, ओतण्याचं तापमान आणि यील्ड हे सगळं कोंबलेलं असतं.

भाचीने ते मान्य केलं, पण सोडून दिलं नाही. "म्हणजे तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत, रायझर बारीक केल्याने जास्त वाचतं, ते किती जणांना माहीत आहे? वीजबिल वाचवा म्हटलं की मालक इलेक्ट्रिशियनला बोलावतो. पॅटर्न बनवणाऱ्याला कुणी बोलावत नाही."

"ते सांगायला तुमचे प्रोजेक्ट आले होते की."

आले होते, आणि त्यांचीही एक गंमत आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संघटना यूनिडो, जागतिक पर्यावरण सुविधा निधी आणि भारताचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो यांनी मिळून लघुउद्योगांसाठी एक प्रकल्प सुरू केला. पितळ, सिरॅमिक, दूध, हातअवजारं आणि फाउंड्री असे पाच उद्योग त्यात होते. फाउंड्रीसाठी निवडलेली गावं बेळगाव, कोइंबतूर आणि इंदूर. कोल्हापूर त्यात नव्हतं. कोल्हापूरच्या फाउंड्र्या जागतिक बँकेच्या दुसऱ्या प्रकल्पात गेल्या, सिडबी आणि ब्यूरोच्या देखरेखीखाली, पुण्याच्या फोर्जिंगवाल्यांसोबत. गिऱ्हाइकं बरीचशी तीच, स्क्रॅपचे व्यापारी तेच, मेल्टर इकडून तिकडे नोकऱ्या बदलणारे, पण शिकवणी दोन वेगळ्या वर्गांत. नकाशावरची रेघ भट्टीच्या अहवालातही उतरली.

बेळगावात यूनिडोच्या प्रकल्पाने स्थानिक उद्योजकांच्या संस्थेच्या आधाराने ऊर्जा व्यवस्थापनाचा कक्ष उभा करण्यावर भर दिला होता. सल्लागार परत गेल्यावरही विचारायला गावात कुणीतरी असावं, हा त्यामागचा विचार. उद्यमबागेतलं बेळगाव फाउंड्री क्लस्टर हे त्याआधीच केंद्राच्या पायाभूत सुविधा योजनेतून सामाईक सोयींसाठी उभं राहिलं होतं. देशपातळीवर २०१० पासून 'समीक्षा' नावाचा मंचही आहे. टेरी ही दिल्लीची संशोधन संस्था, स्विस विकास संस्था, ब्यूरो आणि लघुउद्योग मंत्रालय यांनी तो लघुउद्योगांमध्ये ऊर्जेचं ज्ञान वाटून घेण्यासाठीच काढला. कागदोपत्री तरी देवाणघेवाणीची सोय नाही असं म्हणता येणार नाही.

"तुमच्या त्या ऑडिटवाल्यांचं मला सांगू नकोस," मामा म्हणाले. "एक आला होता. दोन दिवस मीटर लावला, फोटो काढले, शंभर पानांचा रिपोर्ट दिला. तेविसाव्या पानावर माझ्या कंपनीच्या जागी दुसऱ्याच कंपनीचं नाव. ते पुसायचं राहिलं होतं."

यावर भाचीकडे उत्तर नव्हतं. तिच्या व्यवसायात हे होतं.

"खरं एक चांगलं आठवतंय," मामाच पुढे म्हणाले. "कुपोला होता तेव्हा ते दोन ओळींच्या हवेचं आलं होतं."

ते म्हणजे टेरीने विकसित केलेला विभाजित हवेचा कुपोला. कुपोला म्हणजे कोकवर चालणारी भट्टी; साध्या कुपोलात हवा टुयरच्या, म्हणजे हवेच्या भोकांच्या, एकाच ओळीतून आत जाते. इथे ती दोन ओळींत विभागतात, एक खाली आणि एक सुमारे मीटरभर वर. खालच्या ज्वलनातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वाया जाण्याऐवजी वरच्या हवेत जळतो, रस जास्त तापतो आणि कोक कमी लागतो. १९९८ मध्ये हावड्याच्या एका फाउंड्रीत स्विस मदतीने याचं प्रात्यक्षिक उभं राहिलं, आणि पुढे अशा कुपोलांनी कोकमध्ये सरासरी ३५ टक्क्यांच्या आसपास बचत दाखवली. ज्ञान वाटण्याची याहून सरळ गोष्ट सापडणार नाही: एकाने दार उघडं ठेवलं, बाकीच्यांनी येऊन पाहिलं.

"पाहिलं म्हणजे काय पाहिलं?" मामांनी विचारलं. "भोकांच्या दोन ओळी बघितल्या. फॅब्रिकेटरला सांगितलं, असल्या दोन ओळी काढ. झाला डिव्हायडेड ब्लास्ट! खाली किती हवा, वर किती, ब्लोअरचा दाब किती, चार्जचे तुकडे केवढे, हे भोकं बघून कसं कळणार? मग कोक वाचला न्हाई म्हणून पुन्हा शिव्या."

"म्हणजे नुसतं दार उघडून भागत नाही. दाखवणाऱ्याने बोललं पाहिजे."

"बोलायचं कशाला, हाच तर प्रश्न हाय."

तिने मग कॉर्नवॉल काढलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला तांब्याच्या आणि कथिलाच्या खोल खाणी होत्या. पाणी उपसायला वाफेची इंजिनं होती आणि कोळसा जहाजाने वेल्सहून आणावा लागे. १८०० साली जेम्स वॅटचं पेटंट संपलं. १८११ पासून जोएल लीन नावाचा खाणीवरचा माणूस दर महिन्याला एक तक्ता छापू लागला. कुठल्या खाणीचं कुठलं इंजिन, त्यावरचा इंजिनिअर कोण, बुशेलभर कोळशात त्याने किती पाणी किती उंच उचललं, सगळं नावानिशी. इंजिनिअरांची चढाओढ लागली. कुणाचा आकडा चढला की बाकीचे त्याचं इंजिन बघायला जात. तीस-पस्तीस वर्षांत तिथल्या इंजिनांची सरासरी कामगिरी तिपटीच्या वर गेली, आणि तीही बहुतेक पेटंटाच्या भानगडीशिवाय, एकाची सुधारणा दुसऱ्याने उचलत.

मामा ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्या खाणी तांबं विकायच्या कुणाला?"

"बाजारात. लिलाव व्हायचा."

"भाव त्या ठरवायच्या?"

"नाही, बाजारात निघेल तो."

"मग झालं तर. शेजारच्या खाणीचा पंप स्वस्तात चालला म्हणून हिचं गिऱ्हाईक जात नव्हतं. कोळसा वाचला तर पैसा ज्याच्या त्याच्या खिशात. तिथं मीसुद्धा छापला असता माझा आकडा."

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही कॉर्नवॉलच्या मोकळेपणाचं हेच कारण दिलं आहे, शिवाय एकाच भागधारकाचे पैसे अनेक खाणींत गुंतलेले असत. मामांनी ते भावाच्या एका प्रश्नात गाठलं. आणि पुढे त्यांनी जे सांगितलं, ते ऊर्जाबचतीच्या कुठल्याही पत्रकात सहसा छापलेलं नसतं.

"माझं भांडण शेजाऱ्याशी न्हाई, बाई. माझं भांडण परचेसवाल्याशी हाय. तो कॉस्ट शीट घेऊन बसतो. स्क्रॅप एवढं, वाळू एवढी, मजुरी एवढी, रिजेक्शन एवढं धरलंय, वीज टनाला साडेसहाशे युनिट धरलीय. मी खपून ते पाचशे ऐंशी केले. सत्तर युनिट वाचले, म्हणजे किलोमागे पन्नास पैसे. ते पन्नास पैसे कुणाचे? त्याला कळलं तर पुढच्या वर्षीच्या रेटमधून तो ते कापून घेणार. झाकण मी लावायचं, मेल्टरशी भांडायचं मी, मीटरचा खर्च माझा, आणि पैसे त्याचे. मग मी आकडा लपवू नको तर काय करू?"

सगळ्या चर्चेतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. लघुउद्योजक ज्ञान वाटत नाही याचं खापर त्याच्या संकुचित मनावर फोडणं सोपं आहे. पण माल घेणारा मोठा, पुरवणारे शंभर, आणि दर वर्षी भाव उतरवून मागण्याची रीत, अशा व्यवहारात गुप्तता हाच त्याचा नफा असतो. तो शेजाऱ्यापासून लपत नाही. शेजाऱ्याला सांगितलेलं गिऱ्हाइकापर्यंत पोचतं, म्हणून लपतो.

आतापर्यंत सुपारी कातरत बसलेले भाचीचे वडील इथे मध्ये पडले. त्यांचा ऊस हालसिद्धनाथ साखर कारखान्याला जातो. "आमच्याकडं बघा की," ते म्हणाले. "कुठल्या कारखान्याची रिकव्हरी किती, हे चौकातल्या टपरीवर दोन दशांशांपर्यंत पाठ असतंय."

दाजींनी नकळत दोघांचंही काम केलं. उसाचा दर उताऱ्याला बांधलेला, म्हणून उतारा झाकून ठेवता येत नाही. साखरेच्या धंद्यात एका कारखान्याची वाफ वाचली म्हणून दुसऱ्याची साखर पडून राहत नाही. अशा ठिकाणी आकडे मोकळे व्हायला अडचण कमी. पुण्याजवळ मांजरीला ऊस उत्पादकांनीच १९७५ मध्ये संस्था काढली, जी आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. तांत्रिक कार्यक्षमतेची बक्षिसं देणारी ही संस्था सहकारी कारखान्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघते. बेळगावातही निजलिंगप्पांच्या नावाची साखर संस्था आहे. जुन्या कारखान्यांत उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागायची, सुधारलेल्या कारखान्यांत ती चाळीस टक्क्यांच्या खाली आली. वाचलेल्या वाफेमागे बगॅस वाचतो, बगॅसची वीज होते आणि वीज विकता येते. बचत झाली की पावती फाडून पैसे येतात. फाउंड्रीत बचत झाली की परचेसवाला येतो.

"मग असं करू," भाची म्हणाली. तिने इथे झुरिकचं उदाहरण दिलं. १९८७ मध्ये तिथल्या काही कंपन्यांनी ऊर्जाबचतीसाठी एक मंडळ केलं. २००२ पासून जर्मनीच्या होहेनलोह भागात ती पद्धत गेली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये जर्मन सरकारने उद्योगसंघटनांबरोबर पाचशे मंडळांचं उद्दिष्ट ठेवून करार केला. रीत साधी. आधी प्रत्येकाच्या कारखान्याची तपासणी, मग सगळ्यांचं मिळून एक उद्दिष्ट, आणि वर्षातून काही वेळा एकमेकांच्या कारखान्यात बैठक. प्रत्येकाचे खरे आकडे एका इंजिनिअरकडे. बैठकीत येते ती फक्त टक्केवारी. बहुतेक मंडळांत एकाच धंद्याचे लोक नसतात. बेकरीवाला, स्क्रू बनवणारा, छापखाना असे एकत्र बसतात.

"फाउंड्रीवाल्याने बेकरीकडून काय शिकायचं?"

"कॉम्प्रेसर. तुमच्याकडे आहे, साखर कारखान्यात आहे, डेअरीत आहे. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं तर साडेतीन-चार किलोवॅट चोवीस तास गळतात. तुमच्या शेडमध्ये रविवारी सगळं बंद असताना उभी राहिले होते मी. साप असल्यासारखा फुस्स आवाज येत होता. हे डेअरीवाल्याने सांगितलं तर त्यात तुमचं काय गुपित जातं?"

मामांना हे पटलं, अर्धंच. कॉम्प्रेसर, पंप, कूलिंग टॉवर यांच्याबद्दल बोलायला त्यांची हरकत नव्हती. पण फाउंड्रीतली वीज मुख्यत्वे भट्टीत जाते, आणि भट्टीबद्दल बोलायला फाउंड्रीवालाच हवा. शेवटी फिरून तिथेच.

तिने दुसरी तोड काढली. आकडा सांगूच नका. आज जो आहे त्याला शंभर धरा. सहा महिन्यांनी तो ब्याण्णव झाला एवढंच बैठकीत सांगायचं, आणि काय केलं ते सांगायचं. शंभर म्हणजे सहाशे की साडेसातशे, हे कुणाला कळणार नाही, परचेसवाल्यालाही नाही. काउंटरवेटवाला आणि हाउसिंगवाला यांची तुलनाही होणार नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी.

"आणि यील्ड?"

"यील्डचा वेगळा रकाना."

"तो आधी." मामा आता खुर्चीत पुढे सरकले होते. "आणि ओतायचं तापमान. ते नसलं तर बाकीचं लिहून उपयोग न्हाई."

गोष्ट इथे जुळून आली असती, पण मामांनी नवाच मुद्दा काढला. मालकांना बसवून काय होणार, असं ते म्हणाले. ज्याला माहीत आहे त्याला बसवा. या मुलखात लोखंडाचं काम पुस्तकातून कमी आणि माणसांच्या मागे फिरून जास्त पसरलं. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथेच शेतीची अवजारं बनवायला सुरुवात केली. नगरपालिकेने जागा खाली करायला लावल्यावर ते १९१० मध्ये कुंडलच्या माळावर गेले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर पुढे कुठे कुठे गेले. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. कारखान्यातलं बाहेर छापून सांगायची सवय या भागाला अगदीच परकी होती असं नाही. पण मामांचा भर कागदावर नव्हता. "माझा मेल्टर आणि शिरोलीचा मेल्टर एक दिवस एकमेकांच्या भट्टीवर उभे राहिले, तर तुझ्या शंभर पानांपेक्षा जास्त शिकतील."

"मग पाठवा."

"पाठवतो. खरं आधी सगळ्यांनी लिहून द्यायचं, दोन वर्षं एकमेकांचा मेल्टर पळवायचा न्हाई."

"ते चालणार नाही, मामा."

"का?"

"त्याचा पगार वाढतो तोच मुळी दुसरीकडून बोलावणं आल्यावर. तुम्ही सगळे मालक मिळून ते बंद करणार, आणि वर त्याच्याच डोक्यातलं ज्ञान वाटून घेणार. तुम्ही परचेसवाल्याला जे म्हणता, तेच तो तुम्हाला म्हणेल. खपायचं त्याने आणि पन्नास पैसे तुमचे?"

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. दाजींनी सुपारी पुढे केली.

"वाटा द्यावा लागणार म्हणतेस."

"वाचलेल्या युनिटवर. पण त्यासाठी भट्टीला वेगळा मीटर हवा, आणि पाळीप्रमाणे नोंद. आत्ता तुमचा एकच मीटर आहे, त्यात कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, ऑफिसचा एसी, सगळं येतं. कुणी वाचवलं हे कळणार कसं?"

"मीटर बसवू. युनिटमागे एक रुपया."

"युनिट तुम्हाला सात-आठ रुपयांना पडतं. दोन द्या."

"दीड. आणि रिजेक्शन वाढलं तर कट."

"रिजेक्शन मेल्टरमुळे झालं की मोल्डरमुळे, हे ठरवणार कोण?"

"तेच तर म्हणतो, रिजेक्शनचा रकाना कारणासकट पायजे. कागद आण."